चोर्ला घाटात टर्बो गाडी उकळली तर

गोव्याकडून चोर्ला घाट चढताना जुन्या टर्बो डिझेलचा तापमानाचा काटा लाल रेघेकडे गेला, की एसी बंद करा, जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. इंजिनवर गार पाणी तर अजिबात ओतू नका, हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, तडकतं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर बघा. सुरू केल्यावर लगेच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) कडक होतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे थांबत नाहीत, बाहेर गळती नसताना पातळी उतरते? मग संशय हेड गॅस्केटवरच, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉकच्या मधल्या सीलवर. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे त्यात पाणी गेलं, तर बेळगावपर्यंत टोचन करूनच आणा. टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की टर्बोचाही खर्च अंगावर येतो.

नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप आहेत, तिथे हेडची सपाटी आणि तडे तपासून घ्या. बऱ्याच डिझेलना गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं, ती जाडी जुन्यावरच्या खाचांवरून कळते, त्या मोजा. हेडचे बोल्ट कसताना कायमचे ताणले जाणारे असतील तर नवेच घाला. मिस्त्री ‘चालतंय की’ म्हणेल, ऐकू नका. ऑइल-फिल्टर बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. आणि मुळात उकळली कशामुळे? थर्मोस्टॅट, पंखा, वॉटर पंप बघितल्याशिवाय पैसे चुकते करू नका.