ओव्हरफ्लो झालेली बाईक चालू करताना

कार्बोरेटरवाली जुनी बाईक चोक ओढून किका मारूनही चालू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो, तेव्हा इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग बहुधा पेट्रोलने भिजलेला असतो; यालाच गाडी ओव्हरफ्लो होणं म्हणतात. आणखी चोक देऊ नका, त्याने भिजणं वाढतंच.

1. चोक आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. चावीही बंद.
2. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि 7-8 किका मारा. साचलेलं पेट्रोल सायलेन्सरवाटे निघून जातं.
3. चावी चालू करून ॲक्सिलरेटर किंचित देऊन किक मारा. गाडी धरली की कॉक उघडा.

तरीही नाहीच, तर प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसा. लायटरवर प्लग तापवायची सवय अनेकांना असते. उघड्या पेट्रोलजवळ ते अजिबात नको.