जुन्या जीपचा ब्रेकचा लाल दिवा विझत नाही? या चुका टाळा

पावसाळाभर मुरबाड-जव्हारकडचा चिखल तुडवून आलेल्या जुन्या थार, जिप्सी आणि मेजर सप्टेंबर उजाडला की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या शेडसमोर येऊन उभ्या राहतात. तक्रार एकच, ब्रेकचा लाल दिवा जात नाही. आणि तोवर मालकाने स्वतः काहीतरी उपद्व्याप करून ठेवलेलाच असतो.

एक गोष्ट समजून घ्या. त्या एकाच बल्बवर किमान दोन तारा येतात. एक हँडब्रेकच्या स्विचची, दुसरी ब्रेक ऑइलच्या डबीत तरंगणाऱ्या फ्लोटची, पातळी उतरली की तो खाली बसून स्विच लावतो. दोन्ही स्विच तारेला अर्थिंग देऊन, म्हणजे गाडीच्या लोखंडाशी जोडून, दिवा लावतात, त्यामुळे तार घासून चॅसीला टेकली तरी तोच दिवा लागतो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी तेल, मग तार. नवशिके नेमकं उलटं करतात, कारण तारा चाचपताना चाक उतरवावं लागत नाही.

ऑइल ओतलं, दिवा गेला, काम झालं

याचा मला खरा राग आहे. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. पातळी उतरली तर एक तर पॅड झिजलेत, नाहीतर गळती आहे.

कासारवडवलीचा एक मुलगा जुनी थार घेऊन आला होता. गायमुखचा उतार लागला की दिवा लुकलुकायचा, सपाटीला विझायचा. "काका, वायरिंग लूज आहे," हे निदान तो घरूनच घेऊन आलेला. उताराला डबीतलं ऑइल पुढे सरकतं. पातळी आधीच कमी असेल तर तेवढ्यानेही फ्लोट खाली बसतो. मी म्हटलं, "अरे, मागची चाकं उघडू." त्याला बोरिवलीला लग्नाला जायचं होतं. खाली थेंबही पडलेला नाही, मग गळती कुठली, असं म्हणत त्याने बाटलीतलं ऑइल ओतलं आणि निघाला.

परतताना त्याच घाटात, मागे कंटेनर असताना, पेडल जवळजवळ तळाला गेलं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा पंप, दोन सर्किटचा असतो, पुढच्या चाकांचं वेगळं, मागच्यांचं वेगळं, म्हणून पुढच्या चाकांनी गाडी धरली. बाकीचं काम दुसऱ्या गिअरने आणि हँडब्रेकने केलं. टोइंगवर आलेल्या गाडीचा मागचा डावा ड्रम उघडला, तर व्हील सिलिंडरच्या रबरी बुटात चिखल सुकून दगड झालेला, सील फाटलेलं आणि लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर, ऑइलने निथळत होते. ऑइल ड्रममध्येच साचत होतं, जमिनीवर दिसणार कसं? मी आधी टायरची आतली बाजू हाताने चाचपतो. तिथे ओल लागली की पुढची चर्चा बंद.

तेव्हाही साहेबांचा प्रश्न, "लायनर पेट्रोलने धुऊन चालतील का?" नाही चालणार. ऑइल प्यायलेला लायनर फेकायचा आणि दोन्ही बाजूंचे लायनर जोडीनेच बदलायचे.

गळती नसेल तर पॅड बघा. झिजलेल्या पॅडवर डबी काठोकाठ भरलीत, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ऑइल उतू जातं आणि खालचा रंग खातं.

बल्ब काढणं, तार तोडणं, काळी टेप लावणं

हे करणाऱ्याला मी गाडी विकायला सांगतो, पण घेणाऱ्याचं काय? जुनी गाडी बघायला गेलात तर हँडब्रेक ओढून चावी ऑन करा. दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर भाव बोलायच्या आधी डॅशबोर्ड उघडून दाखवायला सांगा.

स्विच न तपासता नवीन आणणं

तेलाची खात्री झाली की मगच तार. डबीवरचा फ्लोटचा कनेक्टर काढा. दिवा विझला तर फ्लोट दोषी. फ्लोटला चीर जाऊन आत ऑइल शिरलं की तो बुडतो आणि डबी भरलेली असली तरी दिवा पेटता राहतो. नाही विझला तर हँडब्रेकच्या स्विचची तार काढून बघा. लिव्हरखाली चिखल अडकून स्विचचा खटका पूर्ण दाबला जात नाही, हे नेहमीचं. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश पुरतो. तरीही दिवा पेटताच असेल तर गालिच्याखालची तार शोधा. ओल्या गालिच्याखाली जोड हिरवे पडतात.

बाकीच्या

उघडी बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरणं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल शिरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. दर २ वर्षांनी सगळं बदला.

डबीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल ओतणं. रबर फुगतं, मास्टर सिलिंडरपासून सगळी सील बदलावी लागतात.

ब्रेक आणि बॅटरी, दोन्ही दिवे एकदम लागले तरी चाक उघडत बसणं. आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट बघा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. बेल्ट तुटला की पेडल हलकं करणारा बूस्टरही जातो आणि पेडल दगडासारखं होतं.

एबीएसचा (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा स्कॅनर लावून नुसता घालवणं. चाकाजवळची सेन्सरची तार तुटलेली असेल तर पुसलेला बिघाडाचा कोड पहिल्याच चौकापर्यंत परत येतो. त्याच्या जोडीला लाल दिवाही लागला असेल तर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. अशी गाडी पावसात घाटात नेऊ नका, शेडला आणा. येताना तेवढी अंडरबॉडी धुऊन आणा.