घरातील कौटुंबिक प्रार्थना कशी चालवावी

ख्रिस्ती घरातील कौटुंबिक प्रार्थनेसाठी रात्रीच्या जेवणाआधीची वेळ मला सर्वांत योग्य वाटते, कारण जेवणानंतर मुले पेंगतात आणि सकाळी कामावर जाणाऱ्यांची घाई असते. ठरलेल्या वेळी जे घरी असतील त्यांनी सुरुवात करावी.

आरंभी एखादे भजन गावे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आजही गायली जातात आणि ती वाद्यांशिवायही सहज म्हणता येतात. त्यानंतर शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधील एखादा उतारा, वाचावा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूचे जीवन सांगणारे बायबलमधील एक पुस्तक, घ्यावे, कारण त्याचे अध्याय 16 असून घटना वेगाने पुढे सरकतात, त्यामुळे मुलांचे लक्ष टिकते. एका वेळी एकच प्रसंग पुरे. वाचन आळीपाळीने करावे, आणि ज्या आजीला अक्षरे दिसत नाहीत तिला तिचे पाठ असलेले स्तोत्र म्हणू द्यावे. घरातील लेकरांना बायबलमधील 23वे स्तोत्र बहुधा असेच ऐकून पाठ होते.

मग प्रत्येकाने एक उपकारस्तुती (देवाचे आभार) आणि एक विनंती मोठ्याने सांगावी, त्यात आजारी शेजारी, परीक्षा, पाऊस, नोकरी असे काहीही यावे. मात्र प्रार्थनेच्या आडून कोणाचीही कानउघाडणी करू नये; तसे झाले की मुले मनातले बोलणे थांबवतात, आणि हे नुकसान फार मोठे आहे. लहानग्यांचे एक वाक्यही पूर्ण प्रार्थना मानावे.

शेवटी सर्वांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणावी. कॅथलिक घरांत येथे रोझरी, म्हणजे जपमाळेच्या मण्यांवर म्हणायची मरियेची प्रार्थनामाला, हीही म्हटली जाते. लहान मुले असल्यास तिचे एकच दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, म्हणावे.