वेअरवुल्फचा शाप दुसऱ्या रूपाने सुटतो का?

पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाला मांत्रिकाने कायमचं दुसरंच रूप दिलं, तर शाप सुटेल का? कल्पित जग रचायला बसलात की हा प्रश्न येणारच. माझं मत ठाम आहे: नुसतं रूप बदलून शाप सुटत नाही. तो कशाला चिकटलाय, ते आधी ठरवा.

मी पंचवटीत राहते. इथल्या पोराटोरांनाही मारीच ठाऊक असतो. सोन्याचं हरीण झाला, पण बाण लागताच राक्षसाचा राक्षस. पहिल्या शतकातल्या एका रोमन कथेत लांडगा झालेल्या सैनिकाच्या मानेत भाला घुसतो, आणि नंतर तोच सैनिक अंथरुणात पडलेला दिसतो, वैद्य त्याच्या मानेवर उपचार करत असतो. तुमच्या जगातही हीच कसोटी लावा. रात्री लांडग्याचा पाय जखमी करा. सकाळी माणूस लंगडला, तर शरीर एकच आहे. मग मांत्रिकाने त्याचा कावळा केला तरी पौर्णिमेला त्या कावळ्याचा लांडगा होईल. माणूस धडधाकट उठला, तर शरीरं दोन आहेत. मग लांडग्याचं शरीर महिनाभर असतं कुठे? ते शोधायला नायकाला पाठवा, अर्धी कादंबरी तिथेच आहे.

शाप चंद्राला बांधला असेल तर पंचांग उघडाच. पौर्णिमा कधी भरदुपारीही लागते. माझा नायक पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्या भरतो. तिथी लागताच रूप पालटलं असतं, तर शेडमधल्या बायकांसमोर, हातात घड असतानाच त्याला नखं फुटली असती. म्हणून मी चंद्रोदय धरला. शाप ‘वर्षभराच्या पौर्णिमा’ असा असेल तर अधिक मासही लक्षात घ्या, त्या वर्षी पौर्णिमा तेरा येतात. तेराव्या रात्री बेसावध राहिलेलं गाव लिहून बघा.

रूपांतर अगदीच निरुपयोगी नाही. त्या एका रात्रीपुरता त्याला दगड केलात तर गाव वाचेल. पण हा इलाज नव्हे, बंदोबस्त झाला. महिन्याने पुन्हा मांत्रिक हवा, आणि तो दर खेपेला काय मागतो तेही लिहावं लागेल.

खरा इलाज उःशापात असतो. नहुष अजगर होऊन पडला, युधिष्ठिराने प्रश्नांची उत्तरं दिली तेव्हा सुटला. रोमन लेखक प्लिनीने नोंदवलेल्या, ग्रीसमधल्या आर्केडियाच्या कथेत तळं पोहून गेलेला माणूस लांडगा होतो. नऊ वर्षं नरमांस टाळलं, तरच पोहत परत येऊन माणूस होतो. दोन्हीकडे अट आधी पुरी होते आणि रूप मागाहून येतं. तुमच्या मांत्रिकालाही शेवटीच आणा. आणि अट अशी ठेवा की ती नायकालाच जड जाईल. मांस टाळायचं असेल तर त्याला उपाशी ठेवा, समोर त्याचा वैरी झोपलेला असू द्या. पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ती अट एका ओळीत मांडून एखाद्या चिकित्सक मित्राला द्या आणि पळवाट शोधायला सांगा. त्याला सापडली तर मांत्रिकालाही सापडेल, तेव्हा ओळ पुन्हा लिहा.