‘अंडरआर्मच तर आहे, टाकू दे की!’ : लहान पिचर असलेल्यांनो, या चुका टाळा

हे वाक्य बोलणारा माणूस मला आता लांबूनच ओळखू येतो. तो कुंपणाला रेलून उभा असतो, सॉफ्टबॉल स्पर्धेचा दुसरा दिवस असतो, टीम एका रनने पुढे असते आणि पिचर, म्हणजे सकाळपासून बॉल टाकत असलेलीच मुलगी अजून सर्कलमध्ये (बॉल टाकायच्या गोल जागेत) उभी असते. बेसबॉलवाल्यांचा हात जातो कारण ते वरून फेकतात, सॉफ्टबॉलचा हात कसा नैसर्गिक, तो दमत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. कुणी, ते त्यालाही आठवत नसतं.

विंडमिलमध्ये, म्हणजे सॉफ्टबॉलच्या या अंडरआर्म फेकीत, हात पूर्ण गोल फिरतो. वरून खाली येताना त्याला असा वेग येतो की अख्खा हात खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढला जातो. त्याला धरून ठेवण्याचं बरंचसं काम दंडाच्या पुढच्या स्नायूवर, म्हणजे बायसेप्सवर पडतं. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचर्सवर अभ्यास झाला, त्यात ही ओढ सरासरी शरीराच्या वजनाच्या ८० टक्के भरली. ५० किलोच्या पिचरला हाच हिशेब लावला तर ४० किलो, तेही एका बॉलला. आणि त्या ऑलिंपिक खेळणाऱ्या बायका होत्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात, त्या जागी हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. म्हणून मुलगी खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणाली, तर तिला ‘झोपेत अवघडला असेल’ असलं काही ऐकवू नका.

यावर हमखास जपानची पिचर उएनो हिचं नाव निघतं. युकिको उएनोने २००८ला बीजिंगमध्ये दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ बॉल टाकले आणि जपानने सुवर्णपदक घेतलं. खरं आहे. पण ती तेव्हा २६ वर्षांची होती आणि समोर ऑलिंपिकची फायनल होती, तेरा वर्षांखालच्यांचा साखळी सामना नव्हे. शिवाय ही गोष्ट सांगणारे अर्ध्यावरच थांबतात. २०२१ला टोकियोच्या फायनलमध्ये ३९ वर्षांच्या उएनोने सुरुवात केली, सातपैकी सहाव्या इनिंगमध्ये तिच्या जागी २० वर्षांची मिऊ गोतो आली आणि सातव्या इनिंगला री-एंट्री घेऊन उएनोने सामना संपवला. म्हणजे सुरुवातीच्या पिचरला बसवून एकदा परत आणायची सोय आपल्या नियमांतच आहे. ती फायनलमध्ये वापरली गेली, आणि आपले कोच मात्र पाच रनची आघाडी असतानाही ‘लय तुटेल’ म्हणून बदल करत नाहीत. मला विचाराल तर लय कोचची तुटते, मुलीची नाही.

स्कोअरशीटवरचा आकडा खरा मानणं

‘नव्वदच तर टाकले.’ बरं, मोजू या. सामन्यात ९०. त्याआधी बाजूला कॅचरबरोबर, म्हणजे बॉल झेलणाऱ्या मुलीबरोबर, गरम होताना ४५. दर इनिंगच्या सुरुवातीचे चार धरले तर सात इनिंगचे २८. झाले १६३. त्याच दिवशी दुसरा सामना असेल तर हा आकडा तुम्हीच दुप्पट करा. आणि मंगळवारी खासगी कोचकडे शंभर टाकून आली होती ते तर तुमच्या कुठल्याच कागदावर नाही.

बेसबॉलमध्ये हे भान आधी आलं. तिथे लहान मुलांच्या लिटल लीग या संघटनेने २००७पासून बॉल मोजून मर्यादा घातली. सॉफ्टबॉलमध्ये मोजलंच तर बऱ्याचदा इनिंग मोजतात, आणि एक इनिंग नऊ बॉलचीही असते, चाळिसाचीही. अमेरिकेतल्या ‘स्टॉप स्पोर्ट्स इंज्युरीज’ या मोहिमेने सुचवलेले आकडे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत : १३-१४ वर्षांच्या पिचरला एका सामन्यात ८०, पहिल्या दोन दिवसांत दिवसाला ११५, तिसऱ्या दिवशी ८०. दहा-बाराच्या मुलींना सामन्यात ६५, दिवसाला ९५ आणि तिसऱ्या दिवशी शून्य. हो, शून्य. तिसऱ्या दिवशीच फायनल असते, हे मलाही माहीत आहे.

माझी पद्धत अगदी अडाणी आहे. खिशात बटण दाबायचं काउंटर ठेवतो आणि मुलीने जोर लावून टाकलेला प्रत्येक बॉल दाबतो, मग तो सामन्यातला असो की बाजूला उभं राहून टाकलेला. रात्री वहीत उतरवतो. मोबाइलवर ॲप आहेत, वापरा हवं तर. मी दोनदा वापरलं, दोन्ही वेळा तिसऱ्या इनिंगला फोन आला आणि आकडा बोंबलला.

‘दुखत नाही ना?’ असं विचारणं

ही चूक माझी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेरा वर्षांची मुलगी, चेंजअप (फसवा, हळू येणारा बॉल) असा की मोठ्यांनीही बॅट लवकर फिरवावी. तीन दिवसांची स्पर्धा होती. पहिल्या दिवशी दोन सामने, दुसऱ्या दिवशी दोन, सगळे तिनेच टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, ‘दुखत नाही ना गं?’ ती म्हणाली, ‘नाही सर, टाकते मी.’ माझं समाधान झालं. खरं सांगायचं तर मला तेवढंच ऐकायचं होतं, प्रश्नही मी तसाच बेतून विचारला होता.

मैदानात उतरण्याआधी ती कॅचरसमोर पाठ करून बसली आणि कॅचर तिचे केस बांधायला लागली. मी पाहिलं. मैत्रिणी आहेत, लाडाने करत असतील, असं वाटलं. बॅगही तिने डाव्या खांद्यावर घेतली होती, तेही दिसलं. दुसऱ्या इनिंगपासून बॉल वर राहायला लागले. मी बाहेरून ओरडतोय, ‘मनगट! मनगट सोड!’ मनगटाचा काही संबंध नव्हता. पाय दमले होते, पुढचा पाय तिला थोपवून धरत नव्हता, ती कमरेतून पुढे वाकून नुसत्या हाताने बॉल ढकलत होती. चौथ्या इनिंगला एक बॉल कॅचरच्या डोक्यावरून गेला आणि ती उजवा हात पोटाशी धरून उभी राहिली. रडली नाही. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, ‘सर, कालपासून केस बांधता येत नाहीयेत.’

डॉक्टरांनी बायसेप्सच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) सूज सांगितली आणि तीन महिने बॉल बंद केला. नंतर ती पुन्हा टाकायला लागली, पण त्यानंतरचं वर्षभर दर सामन्यात हात वर नेताना तिचा चेहरा मी बघायचो आणि माझाच घसा कोरडा पडायचा.

तेव्हापासून मी ‘दुखतंय का’ विचारत नाही. ज्या मुलीला खेळायचंय ती खोटंच बोलणार, तिने बोलावंच, त्या वयात मीही बोललो असतो. मी सांगतो, ‘केस सोड, आणि माझ्यासमोर बांध.’ मान खाली घालून, कोपर अंगाला चिकटवून बांधायला लागली की त्या दिवशी बॉल दुसरीकडे. केस आखूड असतील तर दोन्ही हात डोक्यामागे न्यायला लावतो. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण माझ्या जुन्या प्रश्नापेक्षा बरीच प्रामाणिक आहे.

बाकीच्या, थोडक्यात

सामन्याआधी वेदनाशामक गोळी : करू नका. दुखणं तिथेच असतं, फक्त तुम्हाला सांगणारं कुणी उरत नाही.

पिचिंग झालं की पुढच्या सामन्यात तिलाच कॅचर किंवा थर्ड बेसला उभं करणं : याला विश्रांती म्हणत नाहीत, तिथूनही फेकावंच लागतं.

दहा वर्षांच्या हातात ११ इंच घेराऐवजी १२ इंच घेराचा बॉल, ‘पुढे हाच वापरायचाय ना’ म्हणून : पुढे पुस्तकंही जाड होतात, पहिलीतच देता का?

राइज बॉलची (बॅटपाशी वर चढतोय असं वाटणाऱ्या बॉलची) घाई : फास्ट आणि चेंजअप जागेवर पडत नसताना मला कुणी राइज शिकवायला सांगू नये.

दोन-दोन टीम, बारा महिने : वर्षातून दोन-तीन महिने पिचिंग पूर्ण बंद. पोहा, पळा, दुसरं काहीही खेळा.

दुसरी पिचर ‘वेळ आली की’ तयार करणं

वेळ येते तेव्हा बेस भरलेले असतात आणि त्या बिचारीने महिनाभरात एकही बॉल टाकलेला नसतो. ती चार वॉक देते, म्हणजे बॉल भलतीकडे टाकून चौघींना फुकट बेस देते, कोच हात झटकतो, ‘बघा, म्हणून तिलाच ठेवतो’. मी मोसमाच्या पहिल्या दिवशीच पालकांना सांगून टाकतो : तिघी टाकणार, साखळी सामन्यांत तिसरीलाही दोन इनिंग मिळणार, आणि त्यात आपण एखादा सामना हरणार. दरवर्षी एक-दोन पालक मुलीला दुसऱ्या टीममध्ये घेऊन जातात. जाऊ देत.

दुखापतीनंतर परत आणतानाही हीच घाई नडते. मी जवळून २० बॉल अर्ध्या जोराने, एक दिवस सोडून, असं सुरू करतो. पूर्ण अंतर नंतर, पूर्ण जोर त्याच्याही नंतर, सामना सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी केस बांधता आले तरच पुढची पायरी, नाही तर एक पायरी मागे. परवाच एका आईने विचारलं, ‘मग शनिवारी टाकेल ना?’ मी म्हटलं, कुठल्या महिन्यातल्या?