११ केव्हीच्या अपघाताआधी भिंतीवर आणि कपाटात काय हवं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) असेल तर उच्चदाबाची ११ केव्ही, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाइन थेट आवारात येते. तिथल्या सबस्टेशनच्या भिंतीवर आधी दोन नंबर ठळक रंगवा : महावितरणच्या उपकेंद्राचा आणि १०८. कोरड्या काठीने माणूस सोडवायचा हे घरच्या २३० व्होल्टला ठीक. इथे ब्रेकर पाडून, आयसोलेटर (लाइन तोडणारा स्विच) उघडून, डिस्चार्ज रॉड (उरलेला चार्ज जमिनीत सोडणारी दांडी) लावल्याशिवाय जखमीला हात लावायचा नाही. पुरवठा गेला तरी कपॅसिटर बँकेत (वीज साठवणाऱ्या संचात) चार्ज उरतो. रबरी हातमोज्यांवरची चाचणीची तारीख बघाच, शिवाय मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून बोटांत भोक नाही ना तेही पाहा.

अपघाताचा पुरावा जपायला कपाटात खाकी कागदी पिशव्या, मार्कर, मोजपट्टी, सेंटिमीटरची पट्टी ठेवा. कपडे, बूट, मोजे, अंगठी, हातातला पाना, सगळं वेगवेगळ्या पिशवीत. प्लास्टिक नको, दमट कापडाला बुरशी धरते. कपडे धुतले की धातूचे कण गेले. तांब्याच्या तारेला लागलेल्या कातडीवर हिरवट झाक दिसते, लोखंडाची तपकिरी, आणि नेमकं कशाला शिवला हे ठरवायला त्याची मदत होते. म्हणून जखमेवर हळद, टूथपेस्ट काही फासू नका. स्पर्शाची खूण मधे खोलगट, कडेला उचललेली, फिकट असते. पण ११ केव्हीला स्पर्श लागतच नाही, आर्क उडी मारतो आणि अंगभर मगरीच्या कातडीसारखे ठिपके उठतात. बुटाच्या तळव्यातलं बारीक भोकही पाहा, तिथून करंट जमिनीत गेलेला असतो.

जखमीला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवताना द्यायची चिठ्ठी आधीच छापून ठेवा : दाब किती, वेळ, किती उंचीवरून पडला, शुद्ध गेली का, छाती दाबली का. बाहेर रुपयाएवढी जखम आणि आत स्नायू शिजलेले, असं होतं. लघवी काळ्या चहासारखी आली तर किडनी धोक्यात आहे. पडला असेल तर मणक्याचा एक्स-रेही हवाच.

मृत्यू झाला तर विद्युत निरीक्षकाला २४ तासांत खबर आणि ४८ तासांत लेखी अहवाल. पंचनाम्याआधी 'सप्लाय चालू करा' म्हणणाऱ्याला थांबवायचं कोणी, त्याचं नावही आजच ठरवा. लाइनचा परमिट (लाइन बंद करून काम करायची लेखी परवानगी) आणि लॉगबुक त्याच्याच ताब्यात राहील.

आणि रिलेचं (बिघाड झाला की ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राचं) घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवा. ट्रिपची नोंद १०:४२ ची आणि कॅमेरा १०:५१ दाखवतो, मग परमिट आधी की करंट आधी, यावरच वाद अडकतो.