आपल्या शिवारातील प्राचीन मार्ग कसा शोधावा आणि नोंदवावा

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात गुजरातमधील भडोच बंदरापासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. तेरचे सुती कापड आणि पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांतून भडोचकडे जात असत. ग्रंथात गावांची नावे मिळतात. त्यांना जोडणारी वाट मात्र शिवारातच शोधावी लागते.

आरंभ कागदांपासून करावा. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या आणि लगतच्या गावांचे गावनकाशे घेऊन ते शेजारी शेजारी मांडावेत आणि गावाच्या सीमेवर न थांबता पुढच्या चार-पाच शिवारांतून सलग जाणारी गाडीवाट हेरावी. निजाम राजवटीतील बरेच कागद उर्दूत असल्याने ती लिपी वाचणारे कोणी सोबत असल्यास काम सुकर होते.

प्रत्यक्ष पाहणी रब्बीची सुगी झाल्यावर, उन्हाचा कडाका वाढण्यापूर्वी करावी. दक्षिण अमेरिकेतील इंका साम्राज्याने ३०,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्गजाळे उभारले. त्यांच्याकडे चाकाची गाडी नव्हती, माणसे आणि ओझे वाहणारे लामा नावाचे प्राणी पायी चालत, म्हणून त्यांनी डोंगरात सरळ दगडी पायऱ्या बांधल्या. आपल्याकडे तशा पायऱ्या किंवा फरसबंदी शोधत बसू नये. बैलगाडीला सौम्य चढ लागतो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतते, त्यामुळे जुनी वाट बहुधा मुरमाड उंचवट्याने जाते आणि नदी उथळ उतारावर ओलांडते. सकाळच्या तिरप्या उन्हात शेताच्या पातळीखाली गेलेली चाकोरी सावलीमुळे स्पष्ट दिसते. अशा वाटेलगत बारव (पायऱ्यांची विहीर), वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा) किंवा पडकी धर्मशाळा आढळल्यास तिची मोजमापे घ्यावीत.

माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा वाटेवरच्या माणसांपाशी असतो, म्हणून या कामाला घाई करू नये. "जुना रस्ता कोणता?" असे विचारल्यास उत्तर बहुधा डांबरी रस्त्याचे मिळते. त्याऐवजी, "आबा, बाजाराला गाडी कुठून न्यायचात? मुक्काम कुठं पडायचा? बैलांना पाणी कुठं पाजायचात? पावसाळ्यात वाट कुठून वळवायचात?" असे एकेक विचारावे. तांड्यावरचे वृद्ध लमाण, मेंढरे घेऊन फिरणारे धनगर आणि पैठणहून नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जाणारे वारकरी यांच्याकडे स्वतंत्रपणे चौकशी करावी. आयाबायांनाही अवश्य विचारावे, कारण पाणवठ्यांची माहिती त्यांना अधिक असते. दोन-तीन जणांनी एकमेकांच्या माघारी एकच मुक्काम सांगितला, तर ती जागा नकाशावर पक्की करावी.

प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर अक्षांश-रेखांश, दिनांक आणि माहिती देणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव लिहावे; छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. खापरे, मणी, नाणी उचलू नयेत, कारण वस्तू जागेवरून हलली की तिच्या साक्षीचे मोल जाते. जमिनीत जुना ठेवा सापडल्यास, भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लक्षात घेऊन, तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना तत्काळ कळवावे.

नोंद पूर्ण झाली की ती गावात वाचून दाखवावी. पेरूमधील केस्वाचाका हा गवताच्या दोरांचा झुलता पूल अपुरिमाक नदीवर आजही टिकून आहे, कारण काठावरच्या, क्वेचुआ या मूलनिवासी समाजाच्या चार वस्त्या दरवर्षी जूनमध्ये एकत्र येऊन तो नव्याने विणतात. या परंपरेला युनेस्कोने २०१३ साली मान्यता दिली. आपल्या वाटेचीही काळजी तिच्या काठच्या गावांनाच घ्यावी लागेल. म्हणून नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी, दरवर्षी सुगीनंतर मुलांना सोबत घेऊन वाट पुन्हा चालावी आणि कोठे बांध सरकला, कोठे बारव गाळाने भरली, हे त्याच वहीत दिनांकासह लिहावे.